वळचणीखालची होडी

आमचं घर टेकाडावर होतं आणि शेजारणीचं खाली, मध्ये एक दगडी गडगा. ती मासे विकायची. माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून तिच्याकडे माशांचं तिखलं झालं की वाटीभर गडग्यावर ठेवून ती मला हाक मारायची आणि मी पोचेपर्यंत निघून गेलेली असायची. बाबा होड्या बांधणारे सुतार. दिवसभर ते किनाऱ्यावर असायचे. घरात आम्ही दोघंच.

मी सतरा वर्षांची असताना बाबांनी गवताचं छप्पर काढून घर शाकारलं ते मंगळुरी कौलांनी. बंदरावरून बैलगाडीतून कौलं आली तेव्हा वाडीतली माणसं बघायला जमली होती. गवत पाणी पिऊन घ्यायचं, मग हळूहळू सोडायचं. कौलं काही धरून ठेवत नव्हती. पावसाळ्यात पुढच्या वळचणीला पागोळ्यांची सरळ भिंतच उभी राहायची. त्या पाण्याने अंगणात चर पाडला आणि तो चर गडग्याखालून तिच्या स्वयंपाकघराकडे गेला.

आषाढात ती एकदा गडग्यापाशी थांबली. डोक्यावर टोपली होती.

"गो बाय, तुमचा पाणी माझ्या भितीत मुरता. बापाशीक सांग."

मी संध्याकाळी सांगितलं. बाबा जेवत होते. म्हणाले, "गणपतीची चवथ झाली काय गटार काढतंय. आता चिखलात काय खणतलंय?"

दुसऱ्यांदा तिने सांगितलं ते मी बाबांना सांगितलंच नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

श्रावणात एका सकाळी भिंत पडली. मातीचीच भिंत, फार मोठा आवाजही झाला नाही. ती चुलीपाशी होती. तिचा मुलगा वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला होता. त्याने बाबांना एवढंच विचारलं, "फावडा आसा?" बाबांनी फावडं दिलं आणि त्याच्यामागून ते स्वतः खाली गेले. मी गडग्याशी उभी राहिले. तिला बाहेर काढलं तेव्हा माझं लक्ष तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे गेलं. दोन शाबूत होत्या. मला आणखी काही वाटल्याचं आठवत नाही.

कुणी आम्हाला दोष दिला नाही. मुलाने दिला नाही, सुनेनेही नाही. वाडीतली माणसं म्हणाली, औंदा पाऊसच तसा. बाबा मात्र किनाऱ्यावर जायचे थांबले. पडवीत बसून राहायचे. मी भात घालायची, ते खायचे. आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. पागोळ्या तशाच पडत होत्या.

तिच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचे जुने डेरे खाली काढले आणि वळचणीखाली ओळीने मांडले. ठरवून असं काही केलं नाही, हात हलत होते एवढंच. पहिल्याच सरीत डेरे भरले आणि पाणी पुन्हा चरात गेलं. मग मी ते ओतले, तळाला फुटकी कौलं घातली, वर रेती, वर माती. परसातले अळवाचे कांदे उपटून त्यात लावले. पाणी जरा थोपलं, पण तीन दिवसांनी डेऱ्यांतल्या मातीची राबडी झाली आणि अळू आडवं पडलं.

बाबा पडवीतून बघत होते. बऱ्याच वेळाने उठून आले.

"तळाक भोक व्हया," ते म्हणाले. "नायतर पाणी साचान रवतला."

त्यांनी भोकं पाडायचं गिरमिट आणलं. डेरे खापरी, पहिलाच गिरमिटाला तडकला. तडकलेला डेरा बाजूला ठेवून ते किनाऱ्यावर गेले. दुपारी दोन माणसांबरोबर परतले ते एक मोडकी होडी घेऊन. तिच्या फळ्या पाण्यात घालण्याजोग्या राहिल्या नव्हत्या. तिचे त्यांनी उभे दोन भाग कापले. उघड्या बाजूंना फळ्या मारल्या, तळाला भोकं पाडली आणि दोन्ही भाग वळचणीखाली लांबीत बसवले, खाली दगड देऊन, अंगणाच्या कडेच्या माडाकडे थोडा उतार ठेवून. जास्तीचं पाणी त्या टोकाने माडाच्या आळ्यात जावं म्हणून पोफळीची अर्धी चिरलेली पन्हळ लावली. मी कौलांचे तुकडे आणि माती भरली, अळू आणि हळद लावली. दोन दिवस आम्ही पावसात भिजत काम केलं. त्या दोन दिवसांत बाबा एकदाच म्हणाले, "हा आधी करूक व्हया होता." मी माती दाबत राहिले. दुसऱ्यांदा तिने सांगितलेलं मी गिळलं होतं, ते त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात होडीत अळू आणि हळद दाट झाली. पागोळ्या पानांवर पडायच्या, मातीत जिरायच्या, उरलेलं पाणी माडाखाली जायचं. अंगणातला चर आपोआप भरत आला. खाली मुलाने चिऱ्यांची नवी भिंत घातली होती.

नारळी पौर्णिमेच्या आधी तिची सून वर आली. पहिल्यांदाच.

"अळवाची चार पाना नेव काय गो?"

"ने."

तिने पानं खुडली, देठ एकत्र धरले. जाताना म्हणाली, "औंदा पाणी खाली येवक नाय."

मी मान हलवली. बरं वाटायला हवं होतं. वाट बघितली, पण तसं काही झालं नाही. ती गडग्यापलीकडे उतरून गेल्यावर मी आत गेले आणि भाताचं आधण ठेवलं.