न उघडलेली पाच पाकिटं

मंगळवार, बारा तारीख. कर्ज नऊ लाख चाळीस हजार. हजर तिघं: मी, माझी बायको आणि घरकर्ज थकलेल्यांना फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या शुभदाताई.

मधे तीन महिने मला नोकरी नव्हती. बँकेच्या एका पत्रात पूर्ण रकमेची मागणी वाचली आणि त्यानंतरची पाच पाकिटं मी बंदच ठेवली, देव्हाऱ्याखालच्या खणात. आज ती केंद्रात शुभदाताईंच्या टेबलावर आणली होती.

"दूधवाल्याशी आठ रुपयांवरून भांडतात हे," बायको म्हणाली, "आणि घर मात्र देवाच्या भरवशावर."

शुभदाताई हसल्या. केसातली पिन काढून त्यांनी तारखेप्रमाणे एकेक पाकीट फोडलं. चौथं वाचून म्हणाल्या, "काका, थकलेले तीन हप्ते भरलेत तर जप्ती थांबते. अजून नऊ दिवस आहेत."

चोपन्न हजार सहाशे. तेवढी ठेव आमच्याकडे होती. घर गेल्यावर भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट म्हणून मीच ती राखून ठेवली होती.

बंद पाकिटातला आकडा रोज वाढतो, उघडलेल्याला कुठेतरी शेवटचा अंक असतो. अशी पाकिटं आणखी किती खणांत पडून असतील? मी त्या पिनेकडे पाहत राहिलो. चौथ्या पाकिटाच्या जाड कागदावर ती वाकली होती.

गुरुवारी ठेव मोडली. चोपन्न हजार सहाशे रुपये बँकेला भरले. आणि दहा रुपये कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, केसांच्या पिनांच्या पाकिटाचे. ते पाकीट शुभदाताईंच्या टेबलावर ठेवून आलो.