हजार मैल पुरे होईपर्यंत

सायकलवाल्यांनी मागे टाकलेली मोटार कधी पाहिली आहे? मी तसल्या मोटारीत बसले आहे. आचऱ्याच्या वाटेवर एका उतारावर दोन पोरं पायडल मारत आमच्या पुढे गेली आणि वर वळून हसलीसुद्धा. मी मागच्या सीटवर रागानं लाल झाले. मी तेव्हा अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरात बसलेली आणि जात्याच उतावळी. बाबांच्या कपाळावर मात्र साधी आठी आली नाही. त्यांनी मागच्या काचेत पुठ्ठा लावून ठेवला होता, "नवीन इंजिन, पुढे जावे." पोरांनी तो वाचला आणि ती पुढे गेली, त्यात काय चुकलं, असं त्यांचं म्हणणं.

बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. एकोणीसशे साठनंतर, त्यांचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, स्वतःची पहिली गाडी दारात आली. ती मालवणात भाड्यानं फिरवायची होती. पण आधी इंजिन नीट बसायला हवं. नव्या इंजिनाचे सगळे भाग आतून खरखरीत असतात, ते एकमेकांवर घासत घासत बेताबेतानं गुळगुळीत होतात, हे त्यांनी आम्हाला जेवताना, हात धुताना, येता जाता सांगितलं. पहिले हजार मैल तिशीच्या वर काटा न्यायचा नाही. एकाच वेगानं रेटत राहायचं नाही, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. चढ आला की इंजिन कण्हायला लागण्याआधी गिअर खाली टाकायचा. गाडी उभी असताना इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही. माणसं कमी, सामान नाही, भाडं तर मुळीच नाही. निम्मे मैल झाले की पहिलं तेल काढून टाकायचं. ते तेल त्यांनी मला पत्र्याच्या डब्यात दाखवलं होतं. त्यात धातूची बारीक पूड उन्हात चमकत होती.

"बघ, किती घासला ता," ते म्हणाले. "घासल्याशिवाय बसणा नाय."

आई ओटीवरून ऐकत होती. ती म्हणाली, "तुमका वळणार आणूक माका वीस वर्सां लागली. तुमचा इंजिन हजार मैलांत कसा येतला?"

बाबा हसले. त्या घरात तेव्हा अजून हसू होतं.

आईचं हृदय अधू झालं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की, आता करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, जपा. तिच्या पायांवर सूज असायची. विहिरीपर्यंत गेली तरी दम लागायचा. सगळ्यात वाईट म्हणजे तिला आडवं पडता येत नसे. पाठ टेकली की जीव घुसमटायचा, मग ती भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन बसून राहायची. झोप अशी तिला नव्हतीच.

गाडी आल्यावर बाबा तिला म्हणाले, चल, जरा वारा लागेल. तिनं साफ नाही म्हटलं. माझ्यासाठी पेट्रोल जाळायला मी काय राणी? भाड्याची गाडी आहे, भाडं देणाऱ्यानं बसावं. या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. स्वतःसाठी तिनं कधी नारळाचं पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं. मग बाबांनी शक्कल काढली. गाडी अगदी रिकामी फिरवूनही चालत नाही, पुढे एक हलकं माणूस लागतं, असं त्यांनी सांगितलं. खरं खोटं तेच जाणोत. आई पदर खोचून उठली.

"इंजिनासाठी येतंय हां," ती म्हणाली. "माज्यासाठी नाय."

असं रोज दुपार कलली की आम्ही निघायचो. बाबा, शेजारी आई आणि मागे मी. कधी आचऱ्याकडे, कधी कसालच्या रस्त्यानं आत. आई निघताना एकदा विचारायची, "कितके झाले?" बाबा मैलांचा आकडा सांगायचे. ती मान हलवायची आणि बाहेर बघत बसायची. आणि एक दिवस परतीच्या वाटेवर मी पाहिलं, तिची मान काचेला टेकली होती आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. बसल्या जागी तिला गाढ झोप लागली होती. इंजिनाच्या त्या संथ घरघरीनं जे केलं, ते मिरजेच्या औषधानं केलं नव्हतं. बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून सायकलवाले पुढे गेले तरी मला राग येईनासा झाला.

पण मैल काही थांबत नाहीत, कितीही हळू चालवले तरी. हजार जवळ यायला लागले. काका येऊन बाबांना टोमणे मारायचे, "गाडी काय देवाची पालखी आसा, नुसती मिरवूक?" बाबा म्हणायचे, "इंजिन अजून बसूक नाय." काका मान हलवत जायचे.

एका दुपारी आचऱ्याच्या रस्त्याला मी पुढे वाकून बाबांना काहीतरी विचारत होते, तेव्हा माझं लक्ष समोर गेलं. गाडी चालली होती, झाडं मागे जात होती आणि वेगाचा काटा शून्यावर पडून होता. खालचा मैलांचा आकडाही हलत नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं हात मागे घालून माझा गुडघा दाबला. इतक्या जोरात की मी कळवळले.

"भायर बघ गो," ती म्हणाली. "आंब्याक मोहोर कसो इलो तो बघ."

मी बाहेर बघितलं. मोहोर होता. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की, गेले कित्येक दिवस आईनं "कितके झाले?" असं विचारलेलंच नाही.

घरी आल्यावर बाबा गाडी पुसत होते. मी जवळ जाऊन विचारलं, काट्याची तार तुटली काय? त्यांनी फडकं पिळलं, ओटीकडे एकदा बघून घेतलं.

"तुटाक नाय. मीच सोडलंय," ते हळूच म्हणाले. "हजार झाले काय ती गाडीत बसाची नाय. तिका सांगू नको."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो काटा तिच्या नाकासमोर होता. तिला तो दिसत नसेल असं बाबांना कसं वाटलं, देव जाणे. बहुतेक माणसाला जे हवं असतं तेच वाटतं. मी यातलं त्यांना काही सांगितलं नाही, तिला काही सांगितलं नाही. दोघं एकमेकांना फसवत होती आणि दोघांनाही त्यात सुख होतं. मला मात्र रात्री पांघरुणात तोंड घालून रडू यायचं, कारण त्या थांबलेल्या आकड्याचा अर्थ मला कळला होता.

शिमगा झाल्यावर आई आपण होऊन म्हणाली, इंजिनाला लांबची रपेट हवी असेल तर मिठबावला जाऊया. मिठबाव तिचं माहेर. आचऱ्याची खाडी आम्ही जंगडावरून ओलांडली. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर गाडी चढवायची. तिकडे कुणी जवळचं उरलं नव्हतं. ती गाडीतून उतरलीही नाही. समुद्र दिसतो तिथे बाबांनी गाडी उभी केली. तिनं समुद्र बघितला, माडांच्या पलीकडचं एक कौलारू घर बघितलं आणि म्हणाली, "बरा झाला."

परतताना ती झोपली. खाडीवर आलो तर जंगड पलीकडे गेलेलं होतं. बाबांनी गाडी झाडाखाली घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. मला नवल वाटलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नये, हे मला त्यांनीच पाठ करून दिलं होतं.

"बाबा, इंजिन," मी कुजबुजले.

"रवांदे," ते म्हणाले. "बंद केलंय तर ती उठतली."

जंगड आलं, माणसं उतरली, दुसरी चढली, ते पुन्हा गेलं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले होते. त्यांचं नवं इंजिन घरघरत होतं, पेट्रोल जळत होतं आणि आई झोपली होती. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो.

चैत्रात आई गेली. दुपारी भिंतीला टेकून बसली होती, तशीच. मी भात वेळून आत आले तर तिची उशी मांडीवरून घसरलेली होती.

तेरावा झाल्यावर बाबांनी गाडीत वाकून ती तार परत बसवली. हजाराला थोडेच मैल कमी होते. ते मैल त्यांनी पुरे केले, तसेच सावकाश, चढाला गिअर खाली टाकत. मी बरोबर गेले, पण मागेच बसले. पुढे बस असं ते म्हणाले नाहीत आणि मलाही तिथे बसवलं नसतं. आकडा फिरला तेव्हा आम्ही कसालच्या रस्त्याला होतो. बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरून मागच्या काचेतला पुठ्ठा काढला आणि तो हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मी खाली उतरले नाही. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी भाड्याला लागली. पुढच्या सीटवर वऱ्हाडी बसले, मुंबईचे चाकरमानी बसले, आंब्याच्या करंड्यासुद्धा बसल्या. ती गाडी वर्षानुवर्षं चालली. साऱ्या किनाऱ्यावर तसं गोड इंजिन दुसरं नाही, असं गाडीवाले म्हणायचे. एकदा मी माहेरपणाला आले असताना एक तरुण ड्रायव्हर नवी गाडी घेऊन मुद्दाम आमच्या दारात आला. त्यानं आमच्या गाडीच्या बॉनेटला कान लावला आणि मान डोलवत विचारलं, "काका, इंजिन बसवूक कितके मैल हळू चलवलात?"

बाबांनी बॉनेटवरून फडकं फिरवलं.

"मोजूक नाय रे," ते म्हणाले. "ती होती तोपर्यंत."