तिसरा मजला आणि भिकाबाईचा हात

तांड्यावरची भिकाबाई राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली, तेव्हा रस्ता आणि पाणी एवढंच बघावं लागेल, असं तिला वाटलं होतं. बाळापूरची पेठ किती उंच असावी हे कुणी आपल्याला विचारील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. घराच्या डोक्यावर छप्पर असतं; तिथं आणखी माणसं कशाला राहतात, इथून तिची सुरुवात.

साल २००२. पुनमचंद शेटनं पेठेतल्या दुकानावर तीन मजल्यांची परवानगी मागितली. दुकानाच्या मागं फातिमाबीचं घर. भिकाबाई रोज सकाळी तिथं दूध घालायची आणि अंगणात घटकाभर टेकायची. त्याच अंगणात न्हाणी, वर उघडं आभाळ.

"बाई, वरच्या खिडकीतून सगळं दिसंल. घरात जवान पोरी हैत, आंघोळ कुठं करायची त्यांनी?" फातिमाबी म्हणाली.

"आपा, माझा हात त्याला न्हाई," भिकाबाईनं तिथल्या तिथं शब्द दिला.

शेट काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो तांड्यावर येऊन बाजेवर बसला. "भिकाबाई, गाव वाढून राहिलं. वर जाऊ देलं न्हाई तर आडवं जाईल. आडवं म्हंजी तुमचा माळ. मग गायी कुठं चाराल?"

हेही खोटं नव्हतं. "व्हय, बराबर," ती बोलून गेली. झालं, इकडे आड तिकडे विहीर. नवऱ्याला विचारावं तर रामजी म्हणाला, "मेंबर तू हायेस, मी न्हाई."

सभेत तावातावानं बोलणं झालं. कुणी हवा-उजेडाचं बोले, कुणी नांदेडच्या इमारतींचे दाखले देई. "तीन मजल्यांना कोण?" सरपंचांनी विचारलं. भिकाबाईचा हात वर. "दोनवर थांबा म्हणणारे?" तिचा हात पुन्हा वर. सभा हसली. हसण्यासारखं काय झालं ते तिला कळेना. दोघांचंही खरं होतं, मग हात खाली कसा ठेवायचा? पण बाकीचे हात दोन्हीकडं सारखेच भरले होते आणि तिचा एकीकडेच धरायचा होता. तिच्या डोळ्यांपुढं गायी आल्या. मान खाली घालून तिनं तीन मजल्यांना हात दिला.

इमारत उभी राहिली. फातिमाबीनं अख्ख्या अंगणावर पत्रे टाकले. आणि दोन-तीन वर्षांत माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. मालकाकडून माळ विकत घेऊन प्लॉट पाडणारा पुनमचंद शेटच. गाव वरही गेलं आणि आडवंही. मग आपण हात दिला तो कशासाठी? शेटचा राग करावा की स्वतःचा, हेसुद्धा भिकाबाईला ठरवता येईना.

गायी विकायच्या दिवशी ती शेवटचं दूध घेऊन फातिमाबीकडं गेली. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आपा, माझं चुकलं का?"

फातिमाबीनं तिच्या हातातलं भांडं घेतलं. "थांबा, बत्ती लावते," ती म्हणाली. "मंग या आत. हितं आता दिवसा बी दिसत न्हाई."