दार कोणी उघडायचं?

परवा रविवारी आमच्या जुळे सोलापूरच्या घरी गिऱ्हाईक आलं होतं, आणि मी शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून होते. इथे मी फारसं लिहीत नाही... पण हे मनातून जाईना.

हे गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. मुलगा पुण्यात असतो, मी आता त्याच्याकडे जायचं ठरलंय, म्हणून घर विकायला काढलं.

शनिवारी एजंट घर ‘तयार’ करायला आला. ह्यांचा हार घातलेला फोटो आधी काढायला लावला. ह्यांची कॉट गच्चीवर गेली. सोफ्यावर नवी चादर आली. मोरीतले पाण्याचे ड्रमसुद्धा मागे लपवले... सोलापुरात पाणी रोज येत नाही हे जणू कोणाला माहीतच नाही.

तेही मी ऐकून घेतलं. घर विकायचं तर आवरावं लागणारच.

मग निघताना तो चपला घालत म्हणाला, “काकू, राग मानू नका. उद्या दार शेजारच्या वहिनींना उघडू दे. पाणीबिणी पण त्याच देतील. लोक घरात पाय टाकताना हे बघतात हो.”

हे म्हणजे काय ते लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. माझं कपाळ... माझ्या घराच्या दारात माझं कपाळ नको होतं.

मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “आई, एका दिवसाचा प्रश्न आहे.” शेजारच्या लक्ष्मीअक्का तेलुगू, सरळ बाई. त्यांना ते पटलं नव्हतं, पण माझं काम अडू नये म्हणून हो म्हणाल्या. मीही त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचं कबूल केलं.

रविवारी बार्शीचं कुटुंब आलं. नवरा-बायको आणि त्याची म्हातारी आई. दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ताईंनी घर किती निगुतीनं ठेवलंय, असं एजंट सांगत होता; म्हणजे अक्कांनाच त्याने घरमालकीण करून टाकलं होतं.

म्हातारीला फर्निचरशी काही घेणं नव्हतं. पाणी किती दिवसांनी येतं, साठवता कशात, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. एजंट म्हणे, पाण्याचं काही टेन्शन नाही आजी. टेन्शन नाही म्हणजे काय, ते तिला कळेना.

शेवटी अक्का कंटाळल्या. अंगणात येऊन त्यांनी सरळ मला हाक मारली, “वहिनी, तुमचा हौद कुटं उघडायचा? मला न्हाय ठाऊक. या की तुमीच.”

मी गेले. म्हातारीने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, ह्या कोण? एजंट पटकन म्हणाला, “शेजारच्या आहेत.”

मी कधी चारचौघांत आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. “शेजारच्या ह्या आहेत,” मी अक्कांकडे हात करून म्हणाले. “घर माझं आहे. माझे मिस्टर ह्याच हॉलमध्ये गेले.”

सून नवऱ्याकडे बघत होती, एजंट मोबाईलमध्ये.

म्हातारीने पदर खोचला. “मग हौद दाखवा की, बाई,” ती म्हणाली.

अंगणातली फरशी मी सरकवली. घर बांधताना ह्यांनी हट्टाने हौद खोल खणून घेतला होता, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. म्हातारी गुडघ्यावर बसून आत वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि बांधणाऱ्याला अक्कल होती एवढंच म्हणाली. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

त्यांचं अजून हो-नाही काही कळलेलं नाही. एजंटचा मात्र संध्याकाळी फोन आला, की काकू, असं बोलून गिऱ्हाईक जातं.

जाऊ दे, म्हटलं त्याला. विक्रीच्या कागदावर सही माझी चालते, तर दारात मीही चालले पाहिजे. ज्याला माझ्या हातून पाणी घ्यायचं नसेल, त्याने माझं घर घेऊ नये.