झुल्हुमोरच्या रजया

हायितबोय म्हातारा तोंडाचा भारी तिखट, पण लिंबांपाशी गेला की त्याचं पार लोणी व्हायचं. ताश्कंदच्या हिवाळ्यात लिंबू उघड्यावर टिकतंय कसलं! म्हणून तरणेपणी त्याने पुरुषभर खोल चर खणला, आत झाडं लावली, वर काचा घातल्या. आता झाडं गेली असती तर नव्याने लावायला अंगात बळ नव्हतं.

सून झुल्हुमोर माहेरून रजया घेऊन आली, त्यांचा ढीग थेट आढ्याला टेकला. हा ढीग म्हणजे सुनेच्या माहेरची अब्रू. तो पाहायचा, वापरायचा नाही.

"एवढ्या रजया कुणाला गं? उंटांची वरात यायचीय का?" म्हातारा येताजाता टोचायचा. ती बिचारी रोज सकाळी रीतीप्रमाणे वाकून सलाम करायची आणि मुकाट कामाला लागायची.

त्या जानेवारीत थंडीने कहर केला. चरातल्या शेगडीचा गॅस बंद पडला आणि काचांवर पांघरायच्या बोरूच्या चटया अर्ध्याच काचांना पुरल्या. दुपार कलता कलता बर्फाळ वारा सुटला, तसा म्हातारा चराच्या काठावर मटकन बसला.

"गेली माझी लिंबं," तो म्हणाला. "उद्या पानं काळी पडतील."

"बाबा, जरा सरका बघू."

सासऱ्यासमोर सुनेने असा आवाज कधी चढवला नव्हता. झुल्हुमोरच्या डोक्यावर मखमली रजयांचा डोंगर होता.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" म्हातारा ओरडला. "तुझ्या आईने जीव ओतून शिवल्यात! बर्फात वाट लागेल त्यांची!"

सासू ओयनिसो धावत आली. "लोक काय म्हणतील गं?"

"म्हणू देत," सून म्हणाली आणि पहिली रजई काचेवर पसरली. "उंट काही आले नाहीत, बाबा. लिंबंच पांघरतील."

म्हाताऱ्याला रडावं की हसावं कळेना. तिघांनी मिळून अख्खा ढीग पसरला.

सकाळी रजया भिजून, गोठून लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या, मखमलीचा लाल रंग पांढऱ्या अस्तरात उतरला होता. म्हाताऱ्याने एक रजई सारून काच उचलली. खाली पानं हिरवीगार होती. त्याने देवाचे आभार मानले आणि तडक घरात गेला.

झुल्हुमोर सलामाला वाकणार, तोच त्याने छातीवर हात ठेवला आणि तिच्यासमोर कमरेत वाकला.

"अहो बाबा, हे काय भलतंच!"

"गप्प बस," म्हातारा वाकूनच म्हणाला. "आज माझी पाळी."