घासलेला रुपया

धाकटे दीर दिनकरभाऊजी यांना दसऱ्याच्या आधी दवाखान्यात भेटायला गेले, तर तब्येतीचं राहिलं बाजूला. म्हणाले, "वैनी, नाण्यांचा डबा जपा. दिवाळीत कुणी घासू नका म्हणावं." मी म्हटलं, "हे मला सांगताय?" ते हसले… दोन दिवसांनी सकाळीच फोन आला.

त्या हसण्यामागे माझी या घरातली पहिली दिवाळी होती. लक्ष्मीपूजनाला तबकात चांदीचे रुपये मांडायची दोन्हीकडे रीत, पण माझ्या माहेरी ते आदल्या दिवशी घासून लख्ख करत. इथं भाऊजींच्या डब्यात निजामाच्या वेळचा चारमिनारचा रुपया निघाला, तोही काळा. अशी काळवंडलेली लक्ष्मी पूजेला कशी मांडायची? दंतमंजन घेतलं आणि घासला. नवी सून शाबासकीच्या आशेनं तो चकचकीत रुपया घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी तो कडेनं धरून खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. "वैनी, तोंड धुतलं असतं तर चाललं असतं. तुम्ही तर कातडंच काढलं." एवढंच. ओरडले असते तर मी मोकळी झाले असते. आणि वर पूजेला त्यांनी तोच रुपया मांडला. मला ती शिक्षाच वाटली.

भाऊजी शाळेत गणित शिकवत. लग्न केलं नाही, आमच्याच हर्सूलच्या घरात वरच्या खोलीत राहिले. सोयगावच्या बाजारात मोडीच्या भांड्यांतून मातीनं माखलेलं तांब्याचं नाणं उचलून आणत आणि क्रांती चौकातून बॅटरीत घालायचं पाणी. त्यात नाणं आठ दिवस भिजे. आठ दिवसांनी माती सुटली नसेल, तर आणखी आठ दिवस. मग दात कोरायच्या लाकडी काडीनं अलगद माती काढायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं, पुसायचं नाही. चिंच, लिंबू, मंजन यांना वरच्या खोलीत बंदी. "माती काढायची, रंग नाय. रंग त्यानं कमावलाय," म्हणायचे. एवढी निगा स्वतःच्या छातीची केली असती, तर आज हे लिहायची वेळ आली नसती, असं मला रागानं वाटतं.

त्या रुपयाचा विषय मात्र आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. त्यांनी मला माफ केलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

परवा लक्ष्मीपूजनाला डबा उघडला. प्रत्येक नाण्याला कागदाची पुडी, पुडीवर पेन्सिलीनं माहिती. रुपयाच्या पुडीवर लिहिलेलं: "वैनींची पहिली दिवाळी. घासला." खाली दर दिवाळीची एकेक ओळ… "अजून गोरा." बऱ्याच ओळींनंतर, "जरा पिवळसर." मग, "कडेला सावळा." गेल्या वर्षीची शेवटची: "मिनारांच्या कडांत सावली आली. जीव धरतोय." इतकी वर्षं ते त्याचा रंग परतायची वाट पाहत होते, आणि मी समजत होते की तबकात दरवर्षी माझी चूक मांडली जाते. पुडी हातात घेऊन मी रडले.

सूनबाई मंजनाची डबी घेऊनच आली. "आई, हा घासू का?"

"नको," म्हटलं. रुपया कडेनं धरून तबकात ठेवला. पूजा झाल्यावर पेन्सिल शोधली आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: "यंदा आणखी सावळा. घासला नाही."