आमच्या क्वार्टरबॅकला परत घ्यायचं का

सिंगापुरात सेम्बावांग नावाचं एक नगर होतं. तिथं एक आजी होती, ती मी. तिचा मुलगा सुधीर, बँकेत काम करणारा. तिची सून अनुजा. आणि तिचा नातू रोहन, क्वार्टरबॅक. गोष्टीतल्या राजाकडे हत्ती असतात, आमच्याकडे क्वार्टरबॅक होता.

त्या खेळाच्या गोष्टी माझ्याकडे इतक्या साठल्यात की एक काढायला जावं तर तिला चिकटून दुसरी येते, जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखी. मला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आता अनुजा लिहून घेते आहे. मधेच म्हणते, "आई, हे नको." जे ती नको म्हणते ते मी आधी सांगते.

*

खेळ अमेरिकेचा, त्यांचा फुटबॉल. चेंडू लांबोळका, दोन्ही टोकांना निमुळता. तिकडे म्हणे एकमेकांच्या अंगावर पडतात, हाडं मोडतात. आमच्या मुलांना सोमवारी ऑफिस असतं, म्हणून ती झेंड्यांचा प्रकार खेळतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन्ही बाजूंना कापडी पट्टी लटकवलेली. तिला म्हणायचं झेंडा. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा झेंडा ओढला की तो सुटून हातात यायला पाहिजे. आला की पळणारा थांबला.

"आणि आजी, क्वार्टरबॅक म्हणजे काय सांग बघू?" रोहननं मला एकदा विचारलं.

मी म्हटलं, "पंगतीत कुणाच्या पानात काय पडणार ते ठरवतो तो. आणि जेवण बिघडलं की शिव्याही त्यालाच."

"आजी, करेक्ट लाह," तो म्हणाला. इथली माणसं 'बरं का' म्हणावं तसं वाक्याच्या शेवटी लाह लावतात.

*

दर रविवारी सकाळी यिशुनच्या मैदानावर झाडाखाली आमच्या चटया पडायच्या. आम्ही म्हणजे टीमच्या घरची माणसं. अनुजाचे पोहे, माझी शेंगदाण्याची चटणी, आणि मधोमध प्रधानकाका.

सगळे काका म्हणतात म्हणून मीही म्हणते, नाहीतर आहेत माझ्या सुधीरच्या वयाचे. मोठ्या कंपनीत ऑडिट करून रिटायर झालेले. राहतात सेरंगूनला. खेळाचे सगळे नियम फोनमध्ये. अंपायरनं शिट्टी वाजवली की अंपायरच्या आधी काका कारण सांगायचे.

काकू मात्र मैदानावर कधीच यायच्या नाहीत. ऊन सोसत नाही. पण टीमची कपड्यांची बॅग मॅच संपली की थेट त्यांच्याकडे जायची. त्यांचा हट्टच होता. म्हणायच्या, "तुमची मशीनं कपडे नुसती भिजवतात."

माझ्यासमोरच एकदा त्यांनी काकांना विचारलं, "अहो, खेळतात तरी कसं हे? मला सांगा ना."

काका फोनमधून मान वर न करता म्हणाले, "तुला नाही कळायचं."

*

मागच्या वर्षी फायनल होती. शेवटची काही मिनिटं. रोहनला चेंडू टाकायला कुणी मोकळा दिसेना, म्हणून तो स्वतःच पळाला. समोरच्या टीमच्या दांडगट मुलानं मागून त्याचा झेंडा धरला आणि ओढला.

झेंडा निघेना.

त्यानं आणखी ओढला. निघेना. रोहन पुढे, तो मागे. दावं धरलेलं वासरू धन्याला फरफटत नेतं तसा तो मुलगा गवतावरून घसरत थेट शेवटच्या रेषेपलीकडे गेला. म्हणजे गुण आमचा. आमच्याकडची मंडळी नाचायला लागली. सुधीरच्या हातातले पोहे माझ्या पदरात.

मग अंपायर आला. रोहनचा पट्टा सोडायला लावला, उलटापालटा करून बघितला. दोन्ही झेंडे पट्ट्याला शिवलेले होते. दोऱ्यानं, घट्ट.

"Cheating lah!" पलीकडून ओरडा झाला.

अंपायरनं विचारलं, कुणी शिवलं? रोहननं तो पट्टा हातात घेतला, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "माझा पट्टा आहे. मीच जबाबदार."

फायनल गेली. रोहनवर एका सीझनची बंदी आली.

*

घरी आल्यावर मी त्याला समोर बसवलं. "तुला शर्टाचं बटण लावता येत नाही. कुणी शिवलं ते सांग."

"आजी, तुझा माझ्यावर विश्वास आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

लहानपणी ताप आला तरी तोंडातून शब्द न काढणारा हा मुलगा. मी ओळखलं की हा कुणाला तरी पाठीशी घालतो आहे. कुणाला, ते काही मला उमगलं नाही.

पण तेव्हापासून रविवारी सकाळी तो आठवड्याचे शर्ट इस्त्री करायला लागला. इस्त्री झालेलेसुद्धा परत करायचा. चेंडू चपलांच्या कपाटात गेला. ते मला बघवायचं नाही. बाकी लोकांसाठी हा वाद होता, आमच्या घरात जेवणं शांत झाली होती.

*

वाद तर असा रंगला! प्रधानकाकांनी पुढच्याच रविवारी आपली चटई उचलून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन टाकली. निम्मी मंडळी त्यांच्यामागे गेली. तिकडची माणसं माझी चटणी घेईनाशी झाली. मी डबा घेऊन स्वतः गेले.

"मावशी, चटणीशी वैर नाही," काका म्हणाले. "पण ज्यानं एकदा फसवलं त्याला परत संधी नाही. नियम म्हणजे नियम."

"मग खाऊन दाखवा."

खाल्ली. दोनदा घेतली. चटई काही हलली नाही.

*

रोहनच्या जागी क्वार्टरबॅक केला पार्थला. पार्थ म्हणजे काकांचाच जावई, पुण्याचा, आयटीवाला. स्वभावानं गरीब आणि चेंडूला भिणारा. त्याचा पहिला चेंडू शेजारी वाढदिवस करणाऱ्या लोकांच्या केकमध्ये. दुसरा गटारात. तिसरा त्यानं टाकलाच नाही, समोरून मुलं धावत आली तशी त्यांच्याच हातात दिला.

"अहो, दिलास काय?" माझ्या सुनेनं विचारलं. चिडली की ती अहो-जाहो आणि अरे-तुरे एकत्र करते.

पार्थ म्हणाला, "ते फार जोरात मागत होते."

सामना संपल्यावर तो माझ्या चटईवर येऊन बसला. "आजी, रोहनला परत आणा हो. सासऱ्यांना मी नाही म्हणू शकत नाही आणि मला रात्री स्वप्नात चेंडू दिसतो."

*

एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, मी आणि सुधीर कॉफी घेत होतो, तिथं काका भेटले. झाली सुरुवात. काका म्हणतात, "उद्या सगळेच झेंडे शिवून येतील." सुधीर म्हणतो, "त्यानं शिक्षा भोगली ना? मग?" आवाज इतके चढले की कॉफीवाल्या चिनी बाईनं विचारलं, हा रोहन कोण, जेलमधून सुटलाय का?

मी माझ्या हिंदीत म्हटलं, "नहीं, मैदान से."

काय समजली कोण जाणे, पण बाई काकांकडे बघून म्हणाली, "Uncle, give chance lah. Kopi getting cold."

*

बंदी संपली. रविवारी नव्या सीझनची पहिली मॅच, ती सेरंगूनजवळच होती. म्हणून सकाळी सगळे आधी प्रधानांच्या फ्लॅटवर जमलो. बॅग तिथंच होती, आणि रोहनचा निर्णयही तिथंच करायचा होता. रोहन दाराशी चपला न काढताच उभा. आत ये म्हटलं तरी येईना. "आधी ठरू दे, आजी," म्हणाला.

टीमची कॅप्टन वेई लिंग, आमच्याच ब्लॉकमधली पोरगी. तिनं हात वर करायला सांगितले. पार्थनं दोन्ही हात वर केले, त्यातला एक मोजला. बाजू सारख्याच झाल्या. राहिले प्रधानकाका.

काका उभे राहिले. घसा साफ केला. "माझा रोहनवर राग नाही. पण त्या दिवशी शिवलेला पट्टा मी या डोळ्यांनी..."

तेवढ्यात आतून काकू आल्या. एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या खांद्यावर टीमची बॅग. बॅग त्यांनी काकांच्या पायाशी ठेवली.

"घ्या बाई तुमचे पट्टे. काय माल विकत घेता तुम्ही लोक! मागच्या वर्षी एकट्या रोहनचाच धुताना हातात सुटून आला होता, तेवढा शिवला. या वेळी म्हटलं सगळेच ओढून बघावेत. बघते तर एकही धड नाही. सगळे निघतात! सगळे शिवलेत, दुहेरी दोरा घालून."

वेई लिंगला मराठी येत नाही, तिनं बॅगेतला एक पट्टा काढून त्याचा झेंडा ओढून बघितला.

काकू चहा वाटत होत्या. "केलेल्याची जाण एकट्या रोहनला. मॅच झाली त्या संध्याकाळी फोन करून म्हणाला, काकू, तुमची शिवण एकदम सॉलिड, कुणालाच निघाली नाही. तुम्हाला कुणाला सुचलं असं म्हणायला?"

काकांनी दाराकडे बघितलं. मग काकूंकडे बघून काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"काका," रोहन दारातूनच म्हणाला, "चहा गार होतोय."

काकांनी तोंड मिटलं. चष्मा पुसला. "कात्री कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

खाली फरशीवर मांडी घालून बसले आणि एकेक टाका उसवायला लागले. पहिला पट्टा मोकळा झाला तसे उठले, दाराशी गेले, आणि स्वतःच्या हातानं रोहनच्या कमरेला बांधला. "आज तूच," एवढंच म्हणाले. पार्थनं तिथल्या तिथं देवाला हात जोडले. त्या दिवशी मैदानावर काकांची चटई माझ्या चटईला लागून पडली आणि चटणीचा डबा पहिल्या अर्ध्या तासात रिकामा झाला.

पण ते नंतर. त्या वेळी काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. "अहो, उसवताय काय? एवढं पक्कं शिवलंय मी."

"रंग बदलायचाय झेंड्यांचा," काका मान खाली घालून म्हणाले.

"मग नवे आले की द्या माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "परत शिवून देते."